काडेपेटीतला जेट

रशीदभाई गेले हे कळलं, तेव्हा मी त्यांच्याच नावाने बोटं मोडत बसलो होतो. ओट्यावर जुना पेपर, त्यावर आमच्या बेडकाचा उघडलेला कार्बोरेटर, हातांना पेट्रोलचा वास. शेलार गावाहून त्यांच्या जावयाचा फोन आला, सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि... फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर आता ह्या डबड्याकडे कोण बघणार! तीन आठवडे झाले, अजून लाज वाटते. पण खरं तेच आहे.

बेडूक म्हणजे आमची चार फुगीर चाकांची, चिखलात चालणारी बुटकी गाडी. पूर्णा गावातली जमीन गोदामांखाली गेली, कशेळीजवळ खाडीकाठी भाताचा एक तुकडा राहिला. बाबांचे गुडघे गेलेले, आणि बांधावर फेरी मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. खारं पाणी आत शिरलं का, खेकड्यांनी बांध पोखरला का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. म्हणून एका रिसॉर्टवाल्याकडून ही जुनी गाडी आणली. ती चालली तर बाबा शेतावर, नाही चालली तर खुर्चीत.

रशीदभाई बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. जन्मभर बिघडलेले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, जुळवले, लूम बंद पडत गेले तशी इंजिनं हाती घेतली. काम त्यांच्याच चालीने चालायचं. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरायचं, तळाला पाणी बसलंय का बघायचं, वास घ्यायचा. मग फिल्टर, मग नळी, आणि शेवटी कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक असलेला पितळी तुकडा. त्यातूनच इंजिनाला पेट्रोल मिळतं. तो तुंबला की शर्टाच्या खिशातून तंगुसाचा, मासे पकडायच्या नायलॉन दोरीचा तुकडा काढून भोकातून अलगद ओवत बसायचे. तासभर! माझा जीव नुसता वरखाली. गाडी बंद करायचीही त्यांची रीत होती. किल्ली फिरवायची नाही. पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत वाट बघायची, म्हणजे आत चिकटा धरत नाही. "त्याचं त्याला संपवू दे," म्हणायचे. मी कुठला थांबतोय? किल्ली फिरवून मोकळा. मग जेट तुंबायचा, आणि पुन्हा रशीदभाई. दुरुस्ती झाली की 'ट्रायल' म्हणून बाबांना मागे बसवून बांधावर जायचे, आणि दोन-दोन तास दोघांचा पत्ता नसायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा अडली. रशीदभाई म्हणाले, जुम्म्यानंतर येतो. मला तेवढाही धीर नाही. घरात लूमच्या फणीची पोलादी तार पडली होती, तीच जेटमध्ये घालून खसाखसा फिरवली. भिवंडीच्या माणसाला दिसेल त्या भोकात फणीची तार घालायची खोडच असते. भोक मोठं झालं, गाडी काळा धूर ओकायला लागली आणि ठप्प. रशीदभाई आले, जेट उन्हाकडे धरला, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"तार घातलीस काय रे दिन्या?"

"नाही."

एवढ्यावर तोंड आवरलं असतं तरी चाललं असतं. पण चोराच्या उलट्या बोंबा... तुमचाच हात हल्ली थरथरतो, मागच्या खेपेला तुम्हीच काहीतरी करून ठेवलंत, असं मी, एवढा मोठा घोडा, त्या सत्तरीच्या माणसाला बोललो. बाबा खुर्चीतून ऐकत होते. रशीदभाईंनी पाने फडक्यात बांधले आणि गेले.

त्यानंतर दोन मेकॅनिक आले. अख्खा कार्बोरेटर बदला म्हणाले, आणि ह्या गाडीचा कुठे मिळत नाही हेही तेच म्हणाले. शेलार काय लांब आहे? कंटेनरच्या रांगेत अडकलो तरी अर्ध्या तासाचा रस्ता. रोज जायचं ठरवायचो, रोज शेपूट घालायचो. असे सात महिने गेले.

मय्यतीवरून आलो आणि बाबांसमोर मटकन बसलो. तार मीच घातली होती, म्हणालो. बाबा उठले, भिंत धरत धरत कपाटापर्यंत गेले आणि एक काडेपेटी आणून माझ्या हातावर ठेवली. आत कोरा जेट, आणि तंगुसाचं लहानसं वेटोळं.

"त्याला म्हायती व्हता," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच आठवड्यात धाडलान. बोलला, पोर खरा बोलल तवा दे."

माझं डोकंच फिरलं. सात महिने खुर्चीत कुजले, बांध बघितला नाही, पण काडेपेटी बाहेर काढली नाही! का, तर दोस्ताला शब्द दिला होता. दोघे म्हातारे एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा असे. वाटेल ते बोललो मी बाबांना, आणि बोलता बोलता रडायलाच लागलो.

जेट बसवायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना घेऊन बांधावर गेलो. पोचल्यावर कॉक बंद केला, किल्लीला हात लावला नाही. पेट्रोल संपत आलं की थांबायच्या आधी इंजिन जरा जोरात धावतं. त्याची वाट बघत आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.

"आधी बोलला असतास," बाबा खाडीकडे बघत म्हणाले, "तं तो बी आला असता."

इंजिन अजून चालू होतं.