सोमवारी नाकारलेली वाटी

चाकणच्या प्रयोगशाळेत मी वाटाण्यापासून मटण बनवतो. दोन वर्षांत ते मटणासारखं लागतं, असं घरच्यांनी खोटं खोटंसुद्धा म्हटलं नव्हतं.

आमच्या गेटवर जवळच्या कुरुळी गावचा एक वॉचमन होता. मी त्याला काका म्हणायचो, नाव कधी विचारलं नाही. बॅगा तपासताना बंद डब्याचा वास घेऊन तो भाजी सांगायचा आणि कधी चुकायचा नाही.

एका सोमवारी मी त्याच्यापुढे रश्श्याची वाटी धरली. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि दोन पावलं मागं सरकला.

"आज सोमवार हाय, साहेब."

"काका, वाटाणा आहे हा!"

"ते तुमाला ठावं, मला ठावं. महादेवाला वासावरनं कसं कळायचं?"

मला इतकं मोठं प्रशस्तिपत्रक आजवर कुणी दिलं नव्हतं. दोन दिवस मी हवेत होतो.

बुधवारी त्यानं स्वतःहून वाटी मागून घेतली. पीस तोंडात टाकला, डोळे मिटले, बराच वेळ चावला. मग रुमालानं मिशा पुसल्या आणि माझ्या खांद्यावर हळूच हात ठेवला.

"साहेब, हे सोमवारी बी चाललं असतं."