‘थप्पी’ हे नाव कुणाचं?

राहनाळच्या गोदामात मालाची आवक-जावक बघणारी स्नेहल उबाळे संगणकाची भाषा शिकली ती दुपारच्या सुट्टीत. खोक्यांवर बसायचं, एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी शिकवत असलेला व्हिडिओ. बी.कॉम. तिने बाहेरून केलं होतं. हे शिक्षण मात्र तिचं तिने उभं केलं.

सुरुवात करून दिली भाविक तरेने. तो कशेळीचा, शिकलेला इंजिनिअर. स्नेहल जिथे काम करायची ते गोदाम त्याचे वडील केसरीनाथशेठ यांच्या जागेवर होतं. कुठला माल कुठल्या रांगेत आहे हे चटकन सापडावं म्हणून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि स्नेहलला दाखवला.

“नाव काय ठेवू गं?” त्याने विचारलं होतं.

“थप्पी,” ती म्हणाली. रचून ठेवलेल्या मालाला हमाल थप्पीच म्हणतात. तिचे वडील दत्तू पंचवीस वर्षं थप्प्या लावत आले होते.

भाविकने प्रोग्रॅमचा कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही वापरा, बदला, सुधारणा केलीत तर परत पाठवा. आणि लोक खरंच पाठवू लागले. आसाममधल्या एका ग्रंथालयाने पाठवल्या, केरळातल्या औषधवाल्याने पाठवल्या, इंडोनेशियातल्या कुणी एकाने तर तराजू जोडायची सोय करून दिली. स्नेहलने सगळी थप्पी मराठीत आणली, मग हिंदीत, मग चुका दुरुस्त करायला लागली. पाच वर्षांत ती त्या मोजक्या लोकांपैकी झाली, ज्यांच्या हातात आलेली सुधारणा मुख्य कोडमध्ये घ्यायची की नाही हे ठरवायची किल्ली असते. राहनाळला बसून ती जगाच्या चार कोपऱ्यांतल्या इंजिनिअरांना सांगायची, हे इथे असं बसणार नाही, पुन्हा लिहा. ते निमूट पुन्हा लिहायचे. तिला याची गंमत वाटायची आणि अभिमानही.

मग एका सोमवारी सकाळी किल्ली लागेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. ‘तुम्हाला परवानगी नाही.’ पाठोपाठ सगळ्यांना आलेली मेल दिसली. भाविकने कंपनी काढली होती. ‘थप्पी’ हे नाव कंपनीच्या नावावर ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला होता, आणि यापुढे कंपनीच्या परवानगीशिवाय ते कुणी वापरायचं नव्हतं.

तिने गोदामातूनच भाविकला फोन लावला.

“भाविकदादा, हे काय?”

“स्नेहल, ऐक. कोड सगळ्यांचा आहे, तो कुणी घेत नाही. घेऊन जा, वेगळं नाव दे, चालव. नाव तेवढं माझं. उद्या कुणी खराब माल थप्पी म्हणून विकला तर शिव्या मलाच ना?”

“आणि आमच्या किल्ल्या?”

“कंपनीला शिस्त लागते.”

त्याचं सगळंच खोटं नव्हतं, हेच तिला जास्त लागलं. नाव कुणीतरी राखायला हवं होतं. पण ते एकाच्या खिशात का?

थप्पीवर काम करणाऱ्यांच्या समूहात आग पेटली. निम्मे म्हणाले, सोडा, नवीन नाव घेऊन पुढे जाऊ. स्नेहलला ते पटेना. नाशिकपासून गुवाहाटीपर्यंत लोक त्या नावावर विश्वास ठेवून माल लावत होते. तिने ठाण्याच्या एका वकीलबाईंना गाठलं. उन्नती भोईर त्यांचं नाव, ट्रेडमार्कचीच कामं करायच्या. त्यांनी अर्ज उघडून पाहिला आणि खुर्चीत पुढे सरकल्या.

“अर्जाची जाहिरात सरकारी जर्नलमध्ये निघाली की चार महिन्यांत हरकत घेता येते. याची केव्हाच निघालीय, तुमचे एकोणीस दिवस उरलेत.”

“हरकत कोण घेऊ शकतं?”

“कुणीही. तू सुद्धा. कंपनी निघायच्या आधीपासून तुम्ही सगळे हे नाव वापरत होता, याचे पुरावे आण. पण आधी मला एक सांग. नाव सुटलं तर ठेवायचं कुणाकडे? तुमचा समूह म्हणजे नक्की कोण?”

स्नेहलने तो प्रश्न लिहून घेतला. घरी तिने सांगितलं तेव्हा दत्तूने जेवता जेवता हात थांबवला.

“त्यांच्या जाग्यात काम करतो आपण. माहीत हाय ना?”

“माहीत आहे, बाबा.”

“नाव तू सांगितलंस की न्हाय?”

“सांगितलं. पण ते तुमच्याकडूनच ऐकलेलं.”

दत्तूने पुढचा घास घेतला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्या टोळीतल्या राघोचा फोन घेऊन आला. त्यात चौदा एप्रिलचा जुना फोटो होता, सगळे हमाल नव्या कपड्यांत गोदामाच्या खांबापाशी उभे, आणि खांबावर खडूने लिहिलेलं, ‘माल उतरल्यावर थप्पीत नोंद करा’. कंपनी निघायच्या तीन वर्षं आधीचा.

तिथून जे सुरू झालं त्याला आवरच राहिला नाही. स्नेहलने समूहाला एक मेल टाकली आणि दोन दिवसांत तिची पेटी भरून वाहायला लागली. जुन्या मेली, तारखेसकट केलेले बदल, ग्रंथालयाच्या भिंतीवरची पाटी, वर्तमानपत्राचं कात्रण. एवढी माणसं या एका शब्दाशी बांधलेली आहेत हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.  पुढची मेल उघडायची तिला घाई झालेली असायची.

रविवारी सकाळी अकराला ऑनलाइन सभा भरली. एकशे बेचाळीस जण आले. नावासाठी एक संस्था नोंदवायची, सात जणांचं मंडळ निवडायचं, इथपर्यंत एकमत झालं. मत कुणाला, यावर भांडण जुंपलं. कुणी म्हणालं, फक्त कोड लिहिणाऱ्यांना. स्नेहलने बोलायची परवानगी घेतली.

“ज्याचं काम थप्पीत घेतलं गेलंय, त्याला एक मत. कोड असो, भाषांतर असो, माहितीपुस्तिका असो. आणि एका कंपनीची माणसं मंडळात दोनाच्या वर नकोत.”

“म्हणजे भाविकलाही मत?” बंगळुरूचा एकजण चिडून म्हणाला.

“त्याचं काम घेतलंय की नाही? पहिली ओळच त्याची आहे. मग मत आहे.”

 मग मतदान झालं. तिचा प्रस्ताव एकोणनव्वद मतांनी पास झाला, आणि मंडळाच्या निवडणुकीत सगळ्यांत जास्त मतं तिला पडली. पडद्यावर आकडे चढताना ती उभी राहिली होती हे तिच्या आईने, बकुळाबाईंनी, नंतर सांगितलं. मत देणाऱ्यांच्या यादीत भाविकचंही नाव होतं.

मंगळवारी त्यानेच बोलावलं, कशेळीला, खाडीलगतच्या टपरीवर. चहा आला तरी तो पाण्याकडेच बघत होता.

“मला त्या यादीत ठेवायला तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. नियमात बसत होतास.”

“नाव देतो संस्थेला. पण मंडळाचा कुठलाही निर्णय मला थांबवता आला पाहिजे.”

स्नेहलला मोह झाला. हो म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. “नाही,” ती म्हणाली. “मग मतदान कशाला केलं? तुझी कंपनी ‘थप्पीवर चालणारी सेवा’ असं खुशाल लिहू दे. ते मी मंडळात मांडते. थांबवायचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही.”

तो चहा अर्धा टाकून गेला. आठवडाभर काही कळलं नाही. मुदत संपायला एक दिवस असताना उन्नतीताईंनी स्नेहलच्या नावाने हरकत दाखल केली. तीनशे अकरा पानांचे पुरावे तयार होते. केसरीनाथशेठ गोदामात आले तेव्हा स्नेहलने हातातली यादी खाली ठेवली. ते म्हणाले, “पोरगा माझ्याशी पण बोलत न्हाय,” आणि ट्रक मोजायला निघून गेले.

त्यानंतर चौथ्या दिवशी भाविकची एका ओळीची मेल आली. ‘तुझ्या अटी मान्य.’ संस्थेची नोंदणी झाली, भाविकने अर्ज संस्थेच्या नावे करून दिला, स्नेहलने हरकत मागे घेतली. किल्ल्या परत आल्या. वादात दुरावलेले काही जुने लोक मात्र परत आलेच नाहीत. भाविक आता सुधारणा पाठवतो, आणि एकदा स्नेहलने त्याची सुधारणा परत पाठवली तेव्हा त्याने ती निमूट पुन्हा लिहिली.

मंडळाची पहिली बैठक भरली त्या दुपारी एक अर्ज आला होता. गुवाहाटीच्या एका कॉलेजला स्पर्धेच्या टी-शर्टवर ‘थप्पी’ छापायचं होतं. देऊ का, असा प्रश्न. स्नेहल क्षणभर हसली. नाव राखायची पाळी आता तिची होती. तिने दार ओढून घेतलं, बाहेरच्या ट्रकांचा आवाज कमी झाला, आणि ती पडद्यावरच्या सहाजणांना म्हणाली, “चला, नियम काढा. मत घेऊ.”