गणपतीच्या कारखान्यात सुरू झालेली मंडळी

पास्टर शमुवेल आज पहाटे गेले. मला वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून ग्रुपवर फोटो फिरतायत. पांढरा शर्ट, हातात बायबल, खाली "पेणच्या बाप्टिस्ट मंडळीचे संस्थापक". एकाने तर मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, इतिहासच टाकलाय. म्हणे सुरुवात एका विश्वासणाऱ्याच्या घरात झाली.

खोटं आहे.

सुरुवात गणपतीच्या कारखान्यात झाली. आणि ती जागा माझ्या आईने मिळवून दिली.

माझी आई, यमुना. माहेर कासूजवळच्या वाडीतलं. पेणला एका मूर्तींच्या कारखान्यात ती आखणीला होती, म्हणजे गणपतीचे डोळे काढायची. ते काम कोणालाही देत नाहीत. हात हलला की मूर्ती वाया.

पास्टर आणि त्यांची बायको ग्रेसमावशी तेव्हा रोह्याहून नवीन आलेले, आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने. उपासनेला जागा शोधत पास्टर अख्खं पेण फिरले. कोणी दिली नाही. शेवटी आईनेच कारखान्याच्या मालकांना, अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, रविवारी बंदच असतं, बसू देत, फक्त मूर्तींना धक्का लागता कामा नये.

पहिल्या रविवारी मोजून पाच माणसं. आई झाडून घ्यायला गेली होती. भिंतीला लागून कच्च्या मूर्तींची रांग. पास्टरना अवघड वाटेल म्हणून तिने विचारलं, वर चादर टाकू का.

"असू दे गो यमुना," ते म्हणाले. "माती हाय ती."

मी सात वर्षांची होते. आईच्या बाजूलाच उभी. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आई आधी दारात बसून ऐकायची. मग आत बसायला लागली.

तेव्हा पास्टर वाईट नव्हते. हेही लिहायला हवं, नाहीतर आई रागवेल. तिला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं. वर्षभराने भोगावती नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला. तिच्या नखांत कारखान्याचा रंग होता. तोच हात धरून त्यांनी तिला पाण्याखाली घेतलं. त्या दिवशी त्यांना काही खटकलं नाही.

मंडळी वाढली. कासूहून, निडीहून बायका रविवारच्या गाडीने यायला लागल्या. त्यांना घरोघर जाऊन बोलावणारी आईच. कंपनीतली माणसं शिफ्ट बदलून यायची. मग स्वतःचा हॉल झाला. पंखे, माईक, कीबोर्ड. रोह्याला शाखा निघाली.

आणि बाहेरच्या चर्चमधून मोठे पाहुणे यायला लागले.

असंच एकदा जेवताना एका पाहुण्याने आईला विचारलं, ताई, तुम्ही काय करता. लपवण्यासारखं काही नव्हतंच. तिने सांगितलं.

पुढच्या रविवारी पास्टरनी पुलपिटवरून जाहीर केलं की मूर्तीचे डोळे काढणाऱ्या हातांना प्रभुभोजन मिळणार नाही. नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. अख्खा हॉल वळून आईकडे बघत होता.

आधी घरी येऊन दोन शब्द बोलले असते? नाही. दुसरं काम बघू या म्हणाले असते? तेही नाही. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, घर आईच्या त्याच हातांवर चालत होतं, आणि बाबांच्या मातीला पास्टर स्वतः हजर होते.

आमच्यात असले निर्णय सभासदांच्या मताने होतात. आईचं नाव रजिस्टरमधून काढायचं का, यावर सभा लागली. आई उभी राहिली.

"पास्टर, कारखान्यात बसायचो तेव्हा तुम्हीच बोललात, माती हाय. मग आता काय झालं?"

पास्टर सभेकडे वळले. मतदान घेऊ, एवढंच म्हणाले.

हात वर गेले. निडीच्या बायकांचे पण.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. सभासद होते, मला मत होतं. आईचं नाव काढायला मी हात वर केला नाही. पण विरोधात कोण आहे असं विचारलं, तेव्हाही केला नाही.

घाबरले.

पास्टरना शिव्या घालताना मी हे विसरत नाही.

मी त्यानंतर त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. आईने मात्र कामही सोडलं नाही आणि मंडळीही नाही. दर रविवारी शेवटच्या रांगेत. प्रभुभोजनाचा, भाकरी-द्राक्षरसाचा ट्रे यायचा आणि तिच्यासमोरून पुढे जायचा. कधीकधी तो ट्रे पास्टरच्याच हातात असायचा.

अकरा वर्षं.

मी तिच्याशी भांडायचे. ती म्हणायची, मी काय पास्टरकडे जात नाय.

आज दुपारी कमिटीतले दोघं घरी आले. म्हणाले, यमुनाताई, सुरुवातीच्या लोकांपैकी आता ग्रेसमावशी सोडल्या तर तुम्हीच राहिलात, तुमचं नाव रजिस्टरमध्ये परत लावायचं ठरलंय, संध्याकाळी मातीच्या आधी हॉलमध्ये दोन शब्द बोला.

आईने त्यांना चहा दिला. त्यांचा चहा झाल्यावर कप उचलले. मग म्हणाली,

"ज्यांनी काढलं त्यांनी लावायला पायजे होतं. ते तर गेले. आता ऱ्हाऊ दे."

बोलायलाही नाही म्हणाली.

पण साडी बदलून हॉलवर गेली. ग्रेसमावशींना धड उभं राहवत नव्हतं. आईने त्यांना कमरेला धरून शेवटपर्यंत उभं ठेवलं.

मी हॉलच्या गेटबाहेर स्कूटीवर बसून होते. तिथेच हे लिहिलं.

मंडळीतल्या लोकांनो, खाली "ताई, आता क्षमा करा" असं लिहू नका. क्षमा मागायला अकरा वर्षं होती. आमचं घर हॉलपासून दोन गल्ल्यांवर आहे.

पास्टर शमुवेल, आईने तुम्हाला निरोप दिलाय.

तेवढ्यावर भागवा. माझी श्रद्धांजली नाही.