तोरब जगतो, असं मी अर्चनाला सांगितलं

अर्चना गेली त्याला आज वर्ष झालं आणि मी अजूनही नैनावर जळते.

घ्या, लिहून टाकलं. ज्यांना वाईट वाटते त्यांनी अनफॉलो करा.

अर्चना माझी तात्यापाऱ्यातली, म्हणजे या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मोहल्ल्यातली मैत्रीण. एक गल्ली, दोघींचे बाबा रेल्वेत, पहिलीपासून एक बाक. नोकरीही दोघींना शहराबाहेरच्या नव्या राजधानीतल्या सरकारी ऑफिसातच लागली. रोज सकाळी स्टाफ बसमध्ये मी खिडकीजवळ, ती माझ्या बाजूला.

मग बसमध्ये नैना आली. सव्वीस वर्षांची पोट्टी, घरचे अमरावतीचे. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत.

आणि नैनासोबत आली ती सिरीज. शापित राणी, बोलणारे डोंगर, गादीसाठी कापाकापी. पाच जाडजूड इंग्रजी पुस्तकांवरून टीव्हीवर आलेली.

महिनाभरात अर्धी बस त्यात बुडाली. कोण मरणार, कोण वाचणार यावरून अशी भांडणं की ड्रायव्हर भैया आरशातून पाहायचा. लेखा शाखेचे वानखेडे साहेब बारा वर्षांत कधी हसले नाहीत, ते सेनापतीसाठी उभे राहून भांडायचे.

अर्चनाचा जीव तोरबवर. तोरब म्हणजे म्हातारा नावाडी. ना राजा, ना योद्धा. दोन्हीकडच्या लोकांना नदीपार नेतो आणि कोणाचं काही सांगत नाही, बस.

वानखेडे साहेब म्हणायचे हा मरणार. अर्चना म्हणायची, मरूच शकत नाही.

नैनाने पुस्तकं वाचली होती, ती नुसती हसायची. म्हणून सगळे तिच्याभोवती. अर्चनाही तिच्याकडून काही काढता येते का पाहायला मागच्या सीटवर जाऊन बसू लागली.

मी खिडकीत एकटी.

अर्चना म्हणायची तूही पाह्य ना वो. मी म्हणायची, मले वेळ नाही. खोटं. वेळ ढीगभर होता. जळून राहिली होती मी.

बसचा एक नियम होता. ज्यांनी पुस्तकं वाचली त्यांनी पुढचं फोडायचं नाही. जो फोडेल त्याने सगळ्या बसला गुपचुप खाऊ घालायचे. गुपचुप म्हणजे तुमची पाणीपुरी.

मग अर्चनाचं पोट दुखू लागलं, आणि ती पोटदुखी साधी नाही निघाली. तिचं बसमध्ये येणं बंद झालं.

मी दर रविवारी डबा घेऊन जायची. जावं तर ही व्हिडिओ कॉलवर. नैनाशी. तोरबबद्दल. मी मांडीवर डबा घेऊन बसून राहायची आणि डाळ थंड व्हायची.

शेवटी मी पाचही पुस्तकं मागवली. नैनाने वाचली ना, मग मीही वाचणार.

माझं इंग्रजी ऑफिसच्या पत्रापुरतं. मोबाईलवर शब्द पाहत पाहत साडेतीन महिने लागले. वाचनाची आवड वगैरे काही नाही, निव्वळ जळकेपणा.

पाचव्या पुस्तकात, शेवटून दुसऱ्या प्रकरणात, तोरब मरतो. नदीतच.

हे नैनाला इतके दिवस माहीत होतं, याचा मला आधी राग आला. रडू नंतर आलं.

त्या रविवारी मी मोठ्या तोऱ्यात अर्चनाला सांगितलं, माझीही वाचून झाली. तिने टीव्ही बंद केला.

"तोरबचं काय होते, सांग."

मी तिला बसचा नियम सांगितला.

"नियम त्यांच्यासाठी, ज्यांले शेवटचा सीझन पाहाले भेटते," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, तू स्वतःच पाहशील. मले माहीत आहे मी नाही पाहणार. नैनाले विचारलं तं ती रडाले लागली. तू सांग."

नैनाला आधी विचारलं. देवाशपथ, त्या क्षणीही मला तेच टोचलं.

"जगतो," मी म्हटलं. "नदीकाठी घर बांधतो. भाजी लावतो."

तिने विचारलं कोणती भाजी. माझं डोकंच चालेना. वांगे, म्हटलं.

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, बरं.

संध्याकाळी बसच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. तोरब जगतो, पक्की खबर आहे, वानखेडे साहेब हरले.

त्या ग्रुपमध्ये तोवर पाच जणांनी पुस्तकं वाचली होती. घोड्याचा रंग चुकला तरी दिवसभर डोकं खाणारे लोक ते.

पहिलं उत्तर नैनाचं.

"हव दीदी। जीता है।"

मग बाकीच्यांचे होकार. हव. हव. वानखेडे साहेबांनीही लिहिलं, हरलो बाप्पा.

एकानेही दुरुस्ती केली नाही. मला गुपचुप कोणी मागितले नाहीत.

आणि मी काय विचार करत होती? खोटं मी बोलली, आणि अर्चनाने बदाम पाठवला नैनाला. इतकी हलकी आहे मी.

त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी अर्चना गेली.

तेरवीनंतर नैना बसमध्ये माझ्या बाजूला येऊन बसली, अर्चनाच्या जागेवर. मी तिला उठवणारच होती.

"मैं नहीं बोल पाई थी," ती म्हणाली. "आप बोल पाईं। मुझे आपसे बहुत जलन होती है, दीदी।"

मी तिला उठवलं नाही.

काल शेवटचा एपिसोड आला. तोरब मेला, पुस्तकात मरतो तसाच. आज सकाळी बसमध्ये कोणी वाद घातला नाही. वानखेडे साहेब रुमाल काढून बसले होते. नैना माझा हात धरून रडली.

आम्ही सगळ्यांनी त्याला मरताना पाहिलं. तू सोडून.

आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर जळली मी, अर्चू.

मनापासून श्रद्धांजली, तुझ्या पहिल्या मैत्रिणीकडून.