बँडला भिंत चालत नाही

अंबाजी आणि नंदाबाई यांनी चव्वेचाळीस वर्षं जपलेली त्यांच्या लग्नाची कॅसेट मी एका मिनिटात तोडली.

मुद्दाम नाही. कामशेतला स्टेशनाकडून बाजारात शिरणाऱ्या गल्लीत अंबाजींचं स्टिरिओचं दुकान आहे. तिथल्या बाकावर मी माझ्या पाळीची वाट बघत बसलो होतो. समोर एक जुना डेक होता, डेकमध्ये कॅसेट होती, आणि निवृत्त माणूस रिकामा बसला की त्याचा हात कुठे कुठे जातो हे आमच्या घरी विचारा. मी एक बटण दाबलं. काही झालं नाही म्हणून दुसरं दाबलं. मग पहिली दोन तशीच ठेवून तिसरं. आतून खर्रर्र झालं आणि झाकणाच्या फटीतून तपकिरी फीत शेवयांसारखी बाहेर यायला लागली. घाबरून मी ती ओढली. शेवया ओढल्यावर तुटतात, तशी ती तुटली.

अंबाजी मागच्या खोलीतून आले. सत्तरीला टेकलेला बारकेला माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. त्यांनी फितीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले. ब्लेड, चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा, रिळात घालून फिरवायला पेन्सिल. अर्धा तास मान खाली. मग म्हणाले, "तीन शेकंद गेले."

"कशाची कॅसेट होती?"

"आमच्या लग्नाची. दुसरी न्हाई."

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने घरी गेलो असतो.

मी तिथे गेलो होतो तेही स्वतःच्याच कर्मानं. मुलानं मला लोणावळ्याच्या फ्लॅटवर भला मोठा सेट पाठवला होता. पाच छोटे स्पीकर आणि एक पेटीएवढा मोठा, नुसत्या खालच्या सुरासाठी. मी रविवारी सकाळी एक अत्यंत हळवं भावगीत लावलं. शब्द नीट ऐकू येईनात म्हणून दिसेल ते बटण पूर्ण फिरवलं. ते त्या मोठ्या पेटीचं होतं. गायकाचा गळा होता तिथेच राहिला, पण तबल्याच्या डग्ग्यावर पहिली थाप पडली आणि खालच्या मजल्यावरच्या सारिकाताईंच्या छताचा पोपडा त्यांच्या पोह्यांत पडला. त्या ताटली घेऊनच वर आल्या. "काका, एक तर तुम्ही कामशेतच्या अंबाजींकडे जा, नाहीतर मी चौकीत जाते." कामशेत परवडलं.

देहूरोडच्या लष्करी डेपोत अंबाजींनी पस्तीस वर्षं वायरलेस सेट दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर हे दुकान. पण त्यांच्याकडे जाऊन 'एक चांगला सेट द्या' म्हणायची सोय नाही. ते आधी विचारणार, ऐकता काय? मग, बसता कुटं? मग, घरात आनखी कोण असतं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते वायरीला हात लावत नाहीत.

"भावगीतं ऐकतो," मी म्हणालो. "जुनी."

"मग ह्यो हत्ती कशापायी पाळलाय?"

"मुलानं पाठवला."

"पोरगं तुमच्याकडं येऊन ऱ्हातंय का?"

"नाही."

"मंग हत्ती तरी कशाला?" असं म्हणून त्यांनी ती मोठी पेटी काढून घेतली. लोणावळ्यात येऊन दोन जुने लाकडी स्पीकर माझ्या खुर्चीच्या उंचीवर, कोपऱ्यापासून हातभर दूर लावले. गळा ऐकायचा तर मधला सूर मोकळा पाहिजे, आणि कोपऱ्यात पेटी ढकलली की खालचा सूर फुगतो, एवढं त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मी गाणं लावलं. पहिल्यांदाच त्या गायकानं श्वास कुठे घेतलाय ते मला ऐकू आलं. सारिकाताई पुन्हा वर आल्या, पण या वेळी खुर्ची ओढून बसल्या.

माझा हत्ती कुठे गेला म्हणाल तर गणेश नावाच्या एका तरण्या पोराकडे. त्याला म्हणे गाणं छातीत धडधडायला हवं होतं. मला वाटलं अंबाजी त्याला दोन शब्द सुनावतील. "कशाला?" ते म्हणाले. "त्याची छाती हाय, वाजू द्या. घर शेतात हाय त्याचं, पोपडा पडला तर वांग्यावर पडंल."

त्यांच्या विद्येची खोली मला कळली ती नाणे मावळातल्या सोपानमुळे. सोपान भजनी मंडळातला. त्याच्या घरी अंबाजींनी दिवाळीनंतर सेट बसवला होता. टाळ वर, पखवाज खाली, बुवा मधोमध, कुणी कुणाच्या अंगावर येत नाही असा. आषाढात सोपान तणतणत दुकानात आला.

"भाऊ, तुमचा सेट खराब झाला. बुवा हंड्यात तोंड घालून गातोय जनू."

अंबाजींनी सेटची चौकशीच केली नाही. "भात किती ऱ्हायलंय?"

"कशाचं भात? मी सेटचं बोलतोय."

"मीबी सेटचंच बोलतोय. पोती किती ऱ्हायली?"

"दोन."

"मी आलतो तवा चाळीस व्हती. भिताडाला लावलेली. आवाज त्यांनी पिऊन टाकला व्हता." मग सोपानला म्हणाले, "बायकुला सांग, दोन गोधड्या काढ आन् टांग मागच्या भिताडावर. नवं भात आलं की उतरव." तेव्हापासून सोपानच्या घरात गोधड्या पावसाळ्यात भिंतीवर असतात. पाहुण्यांना वाटतं शोभेसाठी टांगल्यात.

कॅसेटच्या अपराधापोटी मी दर गुरुवारी कामशेतला जायला लागलो. जाताना चिक्की न्यायचो. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी मला घरी नेलं. घर गावाबाहेर, शिवाराच्या कडेला. पडवीत एकावर एक रचलेले स्पीकरचे खोके. सागवानी, प्लायवुडचे, एक तर चक्क धान्याच्या जुन्या कोठीचा. मोजले, अकरा भरले.

"विकायचे आहेत?"

"विकायचे न्हाईत. चुकलेले हायती."

तेवढ्यात नंदाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. उंच, खणखणीत बाई, बोलणं शेजारच्या शेतापर्यंत जाईल एवढं. कारण मला नंतर कळलं. त्यांचं ऐकू येणं चार वर्षांपासून कमी होत चाललं होतं. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी वरचे सूर जातील. चिमण्या गेल्या होत्या, कुकरची शिट्टी जात होती. कानाचं मशीन त्यांनी चहाच्या डब्याशेजारी बरणीत ठेवलं होतं. "शिट्टी मारतंय मेलं," त्यांचं म्हणणं, "ह्या वयात कोण शिट्टी मारून घेईल?"

आणि अंबाजींचा जीव त्यातच अडकला होता. कॅसेटमध्ये नंदाबाईंच्या वडिलांचा, मारुतीआबांचा क्लॅरिनेट होता. पवनेच्या खोऱ्यात शेती करून लग्नसराईत ते बँडमध्ये वाजवायचे. आता ते नाहीत, बँडही नाही. क्लॅरिनेट म्हणजे वरचा सूर. तो नंदाबाईंच्या कानातून जायच्या आत एकदा तरी त्यांना बरोबर वाजवून दाखवायचा, म्हणून अंबाजींनी चार वर्षांत अकरा खोके बनवले होते. दर वेळी कॅसेट लावायची, नंदाबाई पदराला हात पुसत येणार, थोडं ऐकणार आणि म्हणणार, "असं नव्हतं." की परत आत.

"मंग कसं व्हतं?"

"ते मला काय ठावं? मशनी तुमाला कळत्यात."

सगळ्या मावळाला आवाज जुळवून देणाऱ्या माणसाला घरातलं एकच गिऱ्हाईक पटवता येत नव्हतं. त्यात मी तीन सेकंद खाल्ले होते.

एका गुरुवारी अंबाजी दुकानातून यायचे होते, तेव्हा मी तांदूळ पाखडत बसलेल्या नंदाबाईंनाच विचारलं. मोठ्यानं. म्हटलं, "वहिनी, लग्नात वडील वाजवत होते ना?"

"लग्नात कुटं? पोरीच्या लग्नात बापानं हात जोडून हुबं ऱ्हायचं असतं, वाजवायचं न्हाई. तसं त्यांनी कबूल केलतं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पाठवणीच्या टायमाला समदी रडायला लागली. आबाला रडता येईना. म्हनून मग त्यानं बँडवाल्याच्या हातातनं आपलं क्लारनेट घेतलं. आमचा ट्रक निघाला. मी मागं फळीपाशी बसलेली, भांड्यांच्या पोत्यावर, तोंड गावाकडं. आबा वेशीवर हुबा ऱ्हाऊन वाजवतोय. ट्रक चाललाय, त्यो बारीक व्हतोय, आवाज बारीक व्हतोय. खिंडीच्या वळनावर तर मला समजंना, वाजतंय का माझ्या कानातच ऱ्हायलंय. शेवट मी ऐकलाच न्हाई, भावजी."

"आणि कॅसेट?"

"ती ह्यांच्या डेपोतल्या दोस्तानं भरली. आबाच्या पायाशी मशीन ठिवून. तिच्यात तर आबा कानात वाजवतोय. आन् शेवटाला कोन तरी म्हनतंय, मारुती, बस कर आता, गेली गाडी." त्यांनी सूप पुन्हा उचललं. "ते कशाला ऐकायचं मी?"

अंबाजी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. "चव्वेचाळीस वर्सं," ते म्हणाले, "मी त्याच ट्रकमदी बसलेलो. पुढं, डायवरपाशी." मग मी हुशारी केली. "सोपं आहे भाऊ. वाजवताना आवाज हळूहळू कमी करत न्यायचा."

"बटन पिळल्यालं कळतंय, साहेब. लांबचं वाजनं येगळं, बारीक वाजनं येगळं." आणि मग स्वतःशीच, "बँड उघड्यावरचा. त्याला भिंत चालत न्हाई. मी येडा त्याला खोलीत कोंडत बसलो."

पुढच्या गुरुवारी सकाळी आम्ही भाजीवाल्या मंगलची हातगाडी मागून आणली. भात कापून झालेलं, शिवार मोकळं, घरापुढचा डांबरी रस्ता खिंडीच्या बाजूला सरळ गेलेला. अंबाजींनी अकरातला एकही खोका घेतला नाही. जत्रेतल्यासारखा एक जुना भोंगा, गाडीची बॅटरी आणि डेक एवढंच हातगाडीवर ठेवलं. नंदाबाईंना दारात उभं केलं. अंबाजींनी बटण दाबलं, मारुतीआबांचा क्लॅरिनेट शिवारात उठला, आणि आम्ही दोन म्हातारे तो भोंगा घेऊन रस्त्यानं निघालो. शंभर पावलं गेल्यावर मागून हाक आली. ती ऐकू यायला भोंग्याची गरज नव्हती.

"अवो! असं नव्हतं!"

अंबाजींनी टोपी काढून डोकं पुसलं. नंदाबाई तरातरा चालत आल्या. "आबा कुटं गेलता? आबा हुबाच व्हता. मी गेलते."

चार वर्षं, अकरा खोके, एक भोंगा, आणि एवढी साधी गोष्ट.

मग गाडी परत आणून भोंगा, डेक आणि बॅटरी अंगणात स्टुलावर ठेवली, फीत मागे फिरवली. हातगाडीवर पोतं अंथरलं. नंदाबाई आत गेल्या. मला वाटलं चिडल्या. पण त्या बरणीतलं मशीन कानात घालून आल्या आणि गाडीवर चढून बसल्या, तोंड घराकडे करून. पुढे दोरी बांधून मी ओढायचं, मागून दांडा धरून अंबाजींनी ढकलायचं, म्हणजे ते आणि नंदाबाई समोरासमोर. गाडी न्यायला आलेली मंगल हे बघून थबकली.

"मावशी, काय किलो?"

"तुला परवडायची न्हाई," नंदाबाई म्हणाल्या. "चला आता. लोकं गोळा व्हायच्या आत."

फितीच्या सुरुवातीला थोडा भाग कोरा आहे. अंबाजींनी बटण दाबलं आणि पळत येऊन दांडा धरला. मी दोरी खांद्यावर घेतली. गाडी हलली आणि मागे क्लॅरिनेट सुरू झाला.

सुरुवातीला नंदाबाईंची कुरकुर चालू होती. चाक वाजतंय, पोतं टोचतंय, पायाला मुंग्या आल्या. शंभर पावलांवर 'असं नव्हतं' येणार म्हणून मी मान आखडून चालत होतो. ते आलं नाही. दोनशे पावलांवर कुरकुर थांबली. कापलेल्या खाचरांवरून तो सूर आमच्या मागे येत होता, आधी जाड, मग दोऱ्याएवढा. रस्ता थोडा चढाला लागला. मला दम लागला, पण थांबायची भीती वाटत होती. वळण आलं तेव्हा मला स्वतःला सांगता येईना, अजून वाजतंय का थांबलंय. मागे नुसता चाकांचा आवाज. शेवटी मला राहवेना.

"भाऊ," मी पुढूनच विचारलं, "बरोबर वाजतंय का? काय म्हणतायत वहिनी?"

"तुमी गाडी वढा, साहेब."