आरिया म्हणजे काय

भाचीचं बारसं आमच्या कुवेतमधल्या सबाह अल-सालेमच्या फ्लॅटमध्ये झालं. पाळणा नव्हता, म्हणून आईने कॅरीकॉटलाच प्लास्टिकच्या फुलांच्या माळा बांधल्या. मी कॉलेजच्या सुट्टीत पुण्याहून घरी आले होते. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी मागच्या मागे निघून जायचे.

वहिनीने नाव ठरवलं होतं, आरिया. लहानपणी ती पियानो शिकायची, तेव्हापासून तिच्या मनात होतं. आईला ते पसंत नव्हतं. पत्रिकेत ‘भ’ आला होता आणि तिने भार्गवी धरून ठेवलं होतं. दादा दोघींना “बघू” म्हणायचा आणि गॅलरीत जायचा.

सकाळी घुगऱ्या उपसताना वहिनी म्हणाली, “मी काही बोलले तर सून बोलली असं होईल. तू बोललीस तर आत्या बोलली.”

मी मान हलवली. ते हो होतं की नाही, मलाही सांगता आलं नसतं.

दुपारी बायका जमल्या. मी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि पाठीत रीतसर धपाटे खाल्ले.

“अगं, आम्हाला ऐकू येईल असं सांग!” नाशिकच्या काकू ओरडल्या.

“आरिया.”

मग शेजारी राहणाऱ्या रत्नागिरीच्या मुस्लिम मावशींनी, आमच्या खालांनी, विचारलं, “म्हणजे काय गो?”

मी आईकडे न बघता बोलायला लागले. “इटालियन शब्द आहे. मूळ अर्थ हवा. मग त्याचा अर्थ सूर, चाल असा झाला. तिकडच्या संगीत नाटकात एकट्याने किंवा एकटीने म्हणायचं गाणं असतं, ते आरिया. ते चालू असताना बाकीचे गायक थांबतात.”

“बाई बाई! हिला बोलता येतं!” काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

“आणि भार्गवी?” तिने विचारलं.

“ते पत्रिकेतलं. हाक मारायला हे.” हेही वाक्य मी पुरं केलं.

आई उठून घुगऱ्या वाढायला गेली. वहिनी बाळाचं दुपटं नीट करत राहिली. नीटच होतं ते.

पाहुणे गेल्यावर आई भारतातल्या माझ्या मावशीशी फोनवर बोलत होती. मी शेजारच्या खोलीत साडीच्या पिना काढत होते.

“नाही गं, आपल्यातलं नाही. इटलीचं आहे. गाणं असतं म्हणे, एकट्या बाईने म्हणायचं. हो ना, मलाही नाही आवडलं. पण काय करू? आमची मुलगी पहिल्यांदा एवढ्या लोकांत बोलली. आता नाव बदला म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?”