संगणकाने बुजवलेली विहीर

मे महिन्यात ठाण्याहून कल्याण-डोंबिवलीला हौसेने कुणी फिरायला जात नाही. मीही गेले नव्हते. पण आपण बनवलेला शब्द शेवटी कुठे जाऊन पडतो, हे पाहावंसं वाटणारं माझ्यासारखं आणखी कुणी असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

आधी काम सांगते. आमच्या संस्थेत पर्यावरणाच्या शब्दांची एक सामायिक यादी आहे. नाला, गटार, दलदल, विहिरींचे प्रकार. प्रत्येकाला एकच ठरलेला शब्द आणि एक क्रमांक. यादी असते आमच्या संगणकावर. इतर कार्यालयांचे प्रोग्राम टेलिफोनच्या तारेवरून, आता वेबच्या वाटेने, आम्हाला क्रमांक सांगतात, शब्द मागून घेतात आणि आपल्या पडद्यावर दाखवतात. एकाच गोष्टीला तीन कार्यालयांनी तीन नावं देऊ नयेत, एवढाच हेतू. ही सोय लवकरच वरिष्ठांपुढे दाखवायची होती. त्याआधी शब्द नीट पोचतात का ते डोळ्यांनी पाहू, असं मी म्हटलं.

यादी सांभाळणारे साठे हसले. "वैद्यबाई, पोचतातच. पण पाहिल्याशिवाय तुम्हाला झोप लागायची नाही. चला."

ठाण्याहून कळवा, मुंब्रा, शीळफाटा या रस्त्याने आम्ही एस.टी.ने कल्याणला गेलो. जाणार असाल तर सकाळीच निघा आणि डावीकडची खिडकी धरा. मुंब्र्याच्या अलीकडे खाडी दिसते, रेतीच्या होड्या दिसतात. तेवढाच डोळ्यांना गारवा. शीळफाट्यानंतर धूळ, वीटभट्ट्या आणि खड्डे. साठे बसमध्ये छान झोपले. मी पदराने तोंड झाकून बसले आणि विचार करत राहिले, की आपण खरंच तपासायला चाललोय, की फक्त 'सगळं ठीक आहे' हे ऐकायला?

कल्याणच्या स्टँडजवळ मिसळ खाल्ली. झणझणीत होती, उन्हाळ्यात खाऊ नका, ताक घ्या. मग एका कार्यालयात गेलो. तिथे सुर्वे म्हणून गृहस्थ विहिरींची नोंद ठेवतात आणि त्यांत जंतुनाशक पावडर टाकायच्या फेऱ्या लावतात.

"तुमची यादी भारी आहे," त्यांनी संगणक आमच्याकडे वळवला. "यंदा आमचं काम निम्म्यावर आणलंत. खाडीकडच्या बहुतेक विहिरी बुजल्या. आता तिकडे माणूस पाठवायला नको."

पडद्यावर एकाखाली एक ओळी होत्या. बुजवलेली विहीर. बुजवलेली विहीर. बुजवलेली विहीर.

"कुणी बुजवल्या?" मी विचारलं.

"ते मला काय ठाऊक? बुजवल्या असतील. सगळीकडे बिल्डिंगा उठतायत."

साठे म्हणाले, "असेल हो. चला, चारची गाडी मिळेल." मला मात्र उठवेना. इतक्या विहिरी एका उन्हाळ्यात बुजवायच्या, तर माती वाहणारे ट्रक कुणाला तरी दिसले असते. शेवटी त्यांतल्या एकीचा पत्ता घेतला आणि बसने डोंबिवलीला आलो. स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलो. तिथून रिक्षाने खाडीकडच्या जुन्या गावठाणात. मीटर टाकत नाहीत, भाडं आधी ठरवा. शेवटचा तुकडा चालायचा आहे. चप्पल जाड तळव्याची हवी. माझी नव्हती.

विहीर होती. कठड्याशी बायकांची रांग होती आणि पोहरा खाली जाऊन आपटल्याचा आवाज येत होता. पाणी पार तळाला गेलेलं, पण होतं.

"कोन पायजे, बाय?" पोहरा ओढणाऱ्या बाईने विचारलं. तिचं नाव बेबीताई.

मी विचारलं, "हे पाणी पिता?"

"मंग? नलाला पानी येतं ते हांडा भरायच्या आत जातं. आमची बावच बरी. पन औषधवाला या खेपेला आलाच नाय. पाऊस लागला का गटाराचं पानी आत उतरतं. गेल्या साली माझी सून काविळीनं पडलेली. तुमी त्यातल्याच काय?"

मी खरं ते सांगितलं. कार्यालयाच्या संगणकात ही विहीर बुजवलेली दिसते, म्हणून कुणी आलं नाही.

बेबीताईंनी पोहरा कठड्यावर ठेवला. "काम्प्युटरनी बुजवली? मंग माती कुटं टाकली, ते पन विचारा त्याला!"

सगळ्या बायका हसल्या. साठे हसले नाहीत. ते कठड्याला टेकून उभे होते. "बाई," ते हळूच म्हणाले, "'हंगामी विहीर' आपण यादीतून काढली. त्याऐवजी 'उन्हाळ्यात आटणारी विहीर' घेतली, नव्या क्रमांकावर. जुना क्रमांक रिकामा पडला. तो मी 'बुजवलेली'ला दिला."

"का?"

"रिकामा क्रमांक पडलेल्या दातासारखा दिसतो हो."

सुर्व्यांच्या नोंदीत फक्त क्रमांक होता. शब्द दर वेळी आमच्याकडून जायचा. आम्ही शब्द बदलला, आणि ज्या विहिरींना तो क्रमांक होता त्या सगळ्या बसल्या जागी बुजल्या. साठ्यांचा राग यावा, तर नीटनेटकी यादी मलाही आवडलीच होती.

"वरिष्ठांना दाखवून होऊ दे," साठे म्हणाले. "मग गुपचूप दुरुस्त करतो. आता दुरुस्तीसाठी ही शब्दांची सेवा बंद केली तर कार्यक्रमच रद्द होईल. वर्षभर राबलोय मी."

त्यांचा चेहरा उतरला होता आणि माझे पाय दुखत होते. हो म्हणणं सोपं होतं. पण पाऊस कार्यक्रमासाठी थांबणार नव्हता. नाक्यावरच्या पीसीओवरून आधी सुर्व्यांना फोन केला, की विहिरी शाबूत आहेत, माणूस पाठवा. मग संस्थेत फोन करून यादी दुरुस्त होईपर्यंत सेवा बंद करायला सांगितलं. साठे बूथबाहेर पाठ फिरवून उभे होते. परतीच्या वाटेवर ते झोपले नाहीत.

कार्यक्रम रद्द झाला. तो क्रमांक आता यादीत रिकामा आहे. पुन्हा कुणालाच द्यायचा नाही, हा नियम साठ्यांनी स्वतः लिहिला. माझ्याशी ते अजून कामापुरतंच बोलतात.

मृगाच्या आधी मी एकटीच पुन्हा गावठाणात जाऊन आले. बेबीताईंनी मला पाहताच तक्रार केली. "इतकं औषध वतलंय, चाय बिघडली आमची! बग, तूच पिऊन बग." माझ्या बाटलीत त्यांनी पोहऱ्यातलं पाणी ओतलं.

वर्तकनगरला घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. पाय बादलीत सोडले आणि त्या पाण्याचा चहा टाकला. खरंच बिघडला होता. मी सगळा प्यायले.